प्राणी कोरणारे यंत्र : नक्कल-यंत्रापासून छंदाच्या सीएनसीपर्यंत

समजा तुमच्यासमोर टेबलावर मावेल एवढा तीन अक्षांचा सीएनसी राउटर आहे, शेजारी सागवानाचा ठोकळा आहे आणि संगणकात एका सशाची त्रिमित फाईल आहे. फाईल उघडायची, टूलपाथ काढायचा, जी-कोड यंत्राला द्यायचा, की काही तासांत ससा तयार. निदान व्हिडिओत तरी असेच दिसते. प्रत्यक्षात पहिल्या प्रयत्नात ससा अर्धाच निघतो. पाठ, डोके, कानांची वरची बाजू छान येते. पोटाखालची, कानामागची, पायांमधली जागा भरीव राहते.

याचे भूमितीतले उत्तर सोपे आहे. कटर वरून खाली उतरतो, त्यामुळे वरून जे दिसत नाही ते त्याला कापता येत नाही. या टिपणात आपण इतिहासातले उत्तर पाहणार आहोत. सीएनसी राउटर हा शिल्पकारांच्या नक्कल-यंत्रांचा थेट वंशज असावा, असे कोणालाही वाटेल. माझ्या मते तसे नाही. शिल्प उतरवून घेणाऱ्या यंत्रांची एक वेगळी, जुनी शाखा होती. १९५० च्या सुमारास ती मागे पडली, आकड्यांवर चालणारी शाखा पुढे गेली, आणि दोघींची पुन्हा गाठ पडायला चाळीसेक वर्षे लागली. या फारकतीत कारागिराच्या हाताचे काय झाले, हा खरा प्रश्न आहे. यंत्र अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकात सीएनसीचा इतिहास अर्ध्या पानात उरकतात आणि हा प्रश्न त्या अर्ध्या पानात नसतो.

खिळे ठोकलेला सिंह

रोममधल्या सेंट पीटर्स बॅसिलिकात पोप तेरावा क्लेमेंट याची समाधी आहे. शिल्पकार अँटोनियो कानोव्हा. काम पूर्ण झाले १७९२ मध्ये. समाधीच्या पायथ्याशी संगमरवराचे दोन सिंह आहेत, एक झोपलेला आणि एक जागा. कानोव्हाची काम करण्याची पद्धत नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे तिच्यावर आधारलेले आहे.

तो आधी मातीचा लहान नमुना करी. मग पूर्ण आकाराचा मातीचा नमुना, आणि त्यावरून प्लास्टरचा साचा काढून प्लास्टरची मूर्ती. या प्लास्टरच्या मूर्तीवर जागोजागी छोटे खिळे ठोकले जात. इटलीत पोसान्यो या त्याच्या गावी त्याच्या प्लास्टरच्या मूर्तींचे संग्रहालय आहे. तिथल्या मूर्तींच्या अंगावर हे खिळे आजही दिसतात. प्रत्येक खिळा म्हणजे पृष्ठभागावरचा एक मोजायचा बिंदू. मदतनीस तो बिंदू मोजून संगमरवराच्या ठोकळ्यात तेवढ्याच खोलीवर उतरवत.

हे मोजण्यासाठी अठराव्या शतकात जे साधन रूढ झाले त्याला पॉइंटिंग मशीन म्हणतात. नावात मशीन असले तरी त्यात चालते-फिरते काही नाही. एक चौकट असते, ती मूर्तीवरच्या तीन पक्क्या बिंदूंवर टेकते. चौकटीला हव्या त्या दिशेला वळवता येणारा दांडा, दांड्याच्या टोकाला पुढे-मागे सरकणारी सुई आणि सुईवर एक अटकाव. सुई प्लास्टरला टेकवायची, अटकाव घट्ट करायचा, सुई मागे ओढून चौकट उचलायची आणि दगडावरच्या तशाच तीन बिंदूंवर ठेवायची. आता अटकाव लागेपर्यंत दगड खोदत जायचे. सुई टेकली की एक बिंदू झाला. अशा शेकडो बिंदूंनंतर दगडात सिंह दिसू लागतो.

आपल्या भाषेत सांगायचे तर मदतनीस एक्स, वाय, झेड उतरवत होते, फक्त आकडे न लिहिता. आणि दोन बिंदूंच्या मधली जागा? ती मदतनिसाच्या छिन्नीने, नजरेने भरायची. अगदी वरचा पातळ थर मात्र कानोव्हा स्वतःसाठी राखून ठेवी आणि तो मेणबत्तीच्या उजेडात हाताने पूर्ण करी, कारण तिरप्या उजेडात पृष्ठभागाचे चढउतार स्पष्ट दिसतात. (तुमच्या जॉबवर टॉर्च आडवा धरून पाहा, कटरच्या रेघा लगेच दिसतील.) आज आपण ज्याला रफिंग आणि फिनिशिंग म्हणतो, ती कामाची वाटणी तिथे दोन वेगळ्या माणसांमध्ये होती.

वॅटची माळ्यावरची खोली

जेम्स वॅट म्हटले की वाफेचे इंजिन आठवते. निवृत्तीनंतर तो बर्मिंगहॅमजवळच्या हँड्सवर्थमधल्या घरात, माळ्यावरच्या खोलीत, शिल्पाची नक्कल करणारी यंत्रे बनवत बसे, हे फारसे सांगितले जात नाही. त्याने दोन यंत्रे केली. एक मूळ आकाराची नक्कल करणारे, दुसरे लहान आकाराची. एका टोकाला मूळ मूर्तीवरून फिरणारे बोथट बोट, दुसऱ्या टोकाला फिरणारा कटर, आणि दोन्ही एकाच सांगाड्याला जोडलेले. बोट जिथे जाईल तिथे कटर जाई. गती पायाने मारायच्या पायट्यावरून. नक्कल केलेल्या मूर्ती तो मित्रांना भेट देई, आणि ८३व्या वर्षात पदार्पण करणाऱ्या होतकरू कलाकाराचे काम म्हणून देई. १८१९ मध्ये तो वारला तेव्हा या यंत्रांचे पेटंट घेतलेले नव्हते. ती खोली १९२४ मध्ये जशीच्या तशी लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये हलवण्यात आली.

ही कल्पना पुढे अनेकांच्या हातून गेली. इंग्लंडमध्ये बेंजामिन चेव्हर्टनने १८४४ मध्ये पेटंट घेतले आणि प्रसिद्ध पुतळ्यांच्या हस्तिदंती प्रती विकल्या. पॅरिसमध्ये आशिल कोलासने मूर्ती लहान करणारे यंत्र केले आणि १८३८ मध्ये ओतकाम करणाऱ्या बार्बेदियनशी भागीदारी केली. मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात शोभेच्या ब्राँझ मूर्ती पोचल्या त्या अशा कारखान्यांमुळे.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा माणूस मात्र शिल्पकलेतला नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये थॉमस ब्लँचर्डने १८१९ च्या सुमारास वेड्यावाकड्या आकारांचे लेथ बनवले, तेही बंदुकीच्या लाकडी दस्त्यासाठी. लेथवर गोल वस्तू होते हे आपल्याला ठाऊक आहे. बंदुकीचा दस्ता कुठूनच गोल नसतो. ब्लँचर्डने नमुना आणि ठोकळा दोन्ही एकाच गतीने फिरवले. नमुन्यावर एक गुळगुळीत चाक टेकलेले, ठोकळ्यावर तेवढ्याच व्यासाचे कापणारे चाक. नमुना फिरताना टेकलेले चाक आत-बाहेर होई आणि त्याबरोबर कापणारे चाकही. स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात हे लेथ बसले. पुढे याच तत्त्वावर बुटांचे लाकडी साचे, कुऱ्हाडीचे दांडे निघू लागले.

यातली मेख अशी, की ब्लँचर्डच्या यंत्राला 'खालची बाजू' नव्हती. वस्तू फिरत होती, म्हणून प्रत्येक बाजू कधी ना कधी कटरसमोर येई. आपला ससा जिथे अडतो, ती अडचण या शाखेने दोनशे वर्षांपूर्वीच बऱ्याच अंशी सोडवली होती. मग ती तुमच्या टेबलावर परत कशी आली?

हेलिकॉप्टरचे पाते

आता अमेरिकेतच, पण १९४० च्या दशकात येऊ. मिशिगन राज्यातल्या ट्रॅव्हर्स सिटी इथे जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवत होता. पात्याचा छेद म्हणजे एक गणिती वक्र. तो वक्र तपासायचे टेम्प्लेट अचूक हवे. पार्सन्स आणि त्याचा अभियंता फ्रँक स्ट्युलेन यांनी पंच कार्डांवर चालणाऱ्या हिशेबाच्या यंत्रातून वक्रावरचे अनेक बिंदू काढले. मग मिलिंग मशीनपाशी एक जण आकडे वाचे, दोघे जण एकेक हँडल फिरवत, आणि प्रत्येक बिंदूवर एक काप घेतला जाई. मधे राहिलेले उंचवटे कानशीने घासून काढायचे.

कानोव्हाचे खिळे आठवले ना? बिंदू मोजून खोदायचे आणि मधले हाताने जुळवायचे. फरक एकच, पण तो मोठा आहे. कानोव्हाकडे बिंदू घ्यायला प्लास्टरचा सिंह होता. पार्सन्सकडे नमुनाच नव्हता, समीकरण होते.

१९४९ मध्ये अमेरिकन हवाई दलाने पार्सन्सला कंत्राट दिले. सर्व्होचे काम त्याने एमआयटीच्या प्रयोगशाळेकडे सोपवले आणि पुढे प्रकल्पाची सूत्रेच एमआयटीकडे गेली. १९५२ मध्ये तिथे छिद्रित टेपवर चालणाऱ्या मिलिंग मशीनचे प्रात्यक्षिक झाले. या यंत्राने बिंदूंच्या मधला रस्ताही स्वतः चालून दाखवला. दोन बिंदू दिले की तिन्ही अक्ष एकाच वेळी, प्रमाणात हलवून कटर सरळ रेषेत न्यायचा. यालाच आपण इंटरपोलेशन म्हणतो. आज तुमच्या सशाच्या फाईलमधली बहुतेक सगळी वाक्ये 'जी-एक' ने सुरू होतात, म्हणजे 'सरळ रेषेत कापत जा'. त्या वाक्याचे मूळ इथे आहे. मदतनिसाची छिन्नी दोन खिळ्यांच्या मधे जे करत होती, ते गणिताकडे गेले.

पात्याला पोट नसते, कान नसतात. विमानाचा भाग वरून, फार तर दोन बाजूंनी कापला की होतो. म्हणून टेबल, उभा स्पिंडल आणि तीन अक्ष ही मिलिंग मशीनची रचना पुरेशी ठरली. आपल्या राउटरला हा सांगाडा वारशाने मिळाला. १९५९ मध्ये एमआयटीने एपीटी ही प्रोग्रामिंगची भाषा जगापुढे आणली, तेव्हा पाहुण्यांना या पद्धतीने कापलेले ॲल्युमिनियमचे ॲशट्रे भेट दिले. ॲशट्रेही वरूनच कापता येतो!

जो रस्ता घेतला नाही

याच काळात दुसरा एक पर्याय समोर होता. १९४६-४७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने 'रेकॉर्ड-प्लेबॅक' नावाची पद्धत करून पाहिली. निष्णात कारागीर एक जॉब हाताने करी, यंत्राच्या हालचाली चुंबकीय टेपवर नोंदल्या जात, आणि पुढचे जॉब टेपवरून होत. वॅट आणि ब्लँचर्ड यांच्या शाखेचा हा शेवटचा मोठा वारस म्हणता येईल. इथे नमुना मूर्तीचा नसून हाताच्या हालचालीचा होता, एवढेच. तिथे नोकरीला असलेल्या कर्ट व्हॉनेगटने टेपवर चालणारे असे मिलिंग मशीन पाहिले आणि १९५२ मध्ये 'प्लेअर पियानो' ही कादंबरी लिहिली. तिच्यात कारागिराचा हात टेपवर घेतला जातो आणि कारागीर घरी पाठवला जातो.

प्रत्यक्षात रेकॉर्ड-प्लेबॅक मागे पडले. इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी १९८४ च्या आपल्या पुस्तकात त्याचे कारण असे मांडले, की टेप कारागिराने भरली तर कामाची सूत्रे यंत्रशाळेतच राहिली असती. आकड्यांचा प्रोग्राम ऑफिसात लिहिता येतो, म्हणून व्यवस्थापनाला तो हवा होता. मला हे अर्धे पटते. ज्याने यंत्रशाळा आतून पाहिली आहे त्याला 'प्रोग्राम कोण बदलू शकतो' हा भांडणाचा विषय असतो हे सांगावे लागत नाही. पण हवाई दलाला हवे असलेले पृष्ठभाग कोणत्याही कारागिराने एकदाही हाताने केलेले नव्हते. जे कोणी केलेलेच नाही ते टेपवर नोंदणार कसे? पात्यासाठी समीकरणच लागणार होते. प्राण्याचे उलटे आहे. सिंहाचे समीकरण नसते, सिंह आधी कोणाच्या तरी हातून घडलेला असावा लागतो. म्हणजे निवड झाली ती पात्याच्या सोयीने, आणि प्राणी, माणसे, फुले कोरणाऱ्यांना तिच्यात जागा नव्हती. आकड्यांच्या यंत्राला शिल्प द्यायचे तर शिल्पाचे आकडे करणारे काहीतरी आधी हवे होते.

मातीचा ससा

ते साधन म्हणजे स्कॅनर. वॅटचे बोट आता उजेडाचे झाले. लेसरची रेघ वस्तूवर पाडायची, बाजूने कॅमेऱ्याने ती किती वाकली ते पाहायचे आणि त्रिकोणमितीने खोली काढायची.

१९९४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात ग्रेग टर्क आणि मार्क लेव्हॉय यांनी दुकानातून आणलेला भाजक्या मातीचा एक ससा असा स्कॅन केला. एका बाजूने सगळे दिसत नाही, म्हणून दहा बाजूंनी स्कॅन घेऊन ते एकमेकांना शिवले. तयार झाली ६९,४५१ त्रिकोणांची जाळी. ही फाईल सर्वांसाठी खुली ठेवली गेली आणि संगणक चित्रणात 'स्टॅनफर्ड बनी' म्हणून ती जगभर वापरली गेली. तुमच्या संगणकात ससा असेल तर तो बहुधा हाच. त्याचा तळ नीट बघा, तिथे जाळीला भोके आहेत. काही ठिकाणी स्कॅनरची नजर पोचलीच नाही. कापण्याआधी ही भोके बुजवावी लागतात, नाहीतर काही सॉफ्टवेअर फाईल नाकारतात. पुढे लेव्हॉय यांच्याच गटाने १९९८-९९ मध्ये फ्लॉरेन्सला जाऊन मायकेलअँजेलोचा डेव्हिड पाव मिलिमीटरच्या बारकाईने स्कॅन केला.

इथे दोन्ही शाखा पुन्हा जुळल्या. आणि बोट असो की उजेड, लपलेली जागा दोघांनाही दिसत नाही, हेही पुन्हा दिसून आले.

यंत्र घरात कसे आले, ते थोडक्यात सांगतो. १९९६ मध्ये टेड हॉल या प्राध्यापकाने, स्वतःला प्लायवूडच्या होड्या करायच्या म्हणून, परवडेल असा राउटर बनवला आणि शॉपबॉट कंपनी काढली. एमआयटीच्या फॅब लॅब चळवळीत असे राउटर गेले. एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब २००२ मध्ये पुणे जिल्ह्यात पाबळच्या विज्ञान आश्रमात सुरू झाली, हे आपल्याकडे फार जणांना ठाऊक नसते. २००९ मध्ये नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूडने जीआरबीएल हा मुक्त प्रोग्राम लिहिला. एमआयटीच्या १९५२ च्या यंत्राचा नियंत्रक कपाटांत मावत होता. तेच इंटरपोलेशन जीआरबीएल ३२ किलोबाइट मेमरीच्या आर्डुइनोवर करतो.

मधली जागा

आता पुन्हा ठोकळ्याकडे. गोल टोकाच्या कटरने शेजारी शेजारी रेघा ओढल्या की मधे उंचवटे राहतात, पार्सन्सच्या टेम्प्लेटवर राहत होते तसेच. सपाट जागी त्यांची उंची साधारण अशी : स्टेपओव्हरचा वर्ग भागिले कटरच्या त्रिज्येची आठपट. ३ मिमी व्यासाचा कटर, म्हणजे त्रिज्या १.५, स्टेपओव्हर ०.३ मिमी. उंचवटा ०.०९ भागिले १२, म्हणजे ०.००७५ मिमी. हाताला जाणवणारही नाही. स्टेपओव्हर निम्मा केला तर उंचवटा चौथाई होतो, वेळ मात्र दुप्पट. १०० मिमी लांब-रुंद ठोकळ्यावर ०.३ च्या रेघा सुमारे ३३४, म्हणजे ३३ मीटरहून जास्त प्रवास. मिनिटाला १,००० मिमी वेगाने अर्ध्या तासाच्या वर. सशाची पाठ उताराची आहे, तिथे कटर चढतो-उतरतो, म्हणून प्रत्यक्षात आणखी वेळ धरा. उभ्या कडांवर रेघांमधले अंतर वाढते आणि हे सूत्र लागू पडत नाही. सशाच्या कुशीवर पायऱ्या दिसतात त्या यामुळे.

पोटाखालच्या जागेसाठी तीन वाटा आहेत. ठोकळ्यात दोन डॉवेल पिना बसवून तो उलटा करून दुसरी बाजू कापणे. प्राण्याचे थर पाडून ते वेगवेगळे कापून चिकटवणे. किंवा चौथा, फिरता अक्ष जोडणे. तिसऱ्या वाटेने गेलात तर तुम्ही ब्लँचर्डच्या लेथवर परत आलात. चौथा मार्ग मूर्तीच तशी बेतण्याचा. वेरूळचे कैलास लेणे वरून खाली खोदत आणलेले आहे, आणि त्याच्या जोत्यावरचे हत्ती पुढून सुटे दिसले तरी मागे खडकाला जोडलेले आहेत. बसलेला, पाय पोटाशी घेतलेला प्राणी निवडला तर तीन अक्षही पुरतात. स्टॅनफर्डचा ससा बसलेला आहे, हे तुमच्या पथ्यावरच पडते.

प्रयोग म्हणून एक काम करा. फिनिशिंगच्या टूलपाथमध्ये अर्धा मिलिमीटर लाकूड मुद्दाम शिल्लक ठेवा आणि तो थर पटाशीने, शेवटी पॉलिश पेपरने काढा. डाव्या कुशीवर हाताने, उजव्या कुशीवर यंत्राने असे करून दोन्ही बाजू दिव्यासमोर आडव्या धरून पाहा. दोन कानांच्या मधली खाच यंत्राला देऊ नका. तिथे उभा कटर कानाला घासतो, गोल धारेची बारीक पटाशी मात्र तिरकी धरली की आत जाते.